आंबेनळीचा विंचू आणि काचेतला स्नायू

पोलादपूर सोडून रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढू लागला की एका अंगाला दरी आणि दुसऱ्या अंगाला कातळ. या कातळात, बांधाच्या खबदाडीत, कौलांच्या फटीत, सरपणाच्या मोळीत आणि गोवऱ्यांच्या ढिगात लाल विंचू राहतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्यापेक्षा हा बोटाएवढा तांबडा जास्त घातकी. ज्याचे घर पक्के, ज्याला झोपायला पलंग आणि पायात बूट, त्याची याच्याशी गाठ कमी पडते. दगडमातीच्या घरात जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्याला, अनवाणी बांध घालणाऱ्याला, पहाटेच्या अंधारात चुलीसाठी लाकूड ओढणाऱ्या बाईला तो चावतो. विंचू जात बघत नाही असे म्हणतात. ते खरे आहे. पण कोणी कुठे राहायचे आणि कशावर झोपायचे हे जातीने आणि गरिबीने ठरवून ठेवले होते, हेही तितकेच खरे आहे.

या विंचवावरच्या उपचाराची गोष्ट आपल्याच महाड-पोलादपूरची आहे. ती बऱ्याच वाचकांच्या कानावर असेल. परंतु त्या गोष्टीचा अर्धा भाग दवाखान्यात घडला आणि अर्धा एका काचेच्या भांड्यात. दुसरा भाग कोणी सांगत नाही. आम्हालाही तो आमच्या पुतणीच्या जर्नलवरून कळला. ती औषधशास्त्र शिकते. घराण्यात पहिलीच.

आधी दवाखान्याची गोष्ट. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, हलाखीत शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली माणसे त्यांच्यासमोर येत. त्यांतली काही बरी होत, काही मरत. त्या वेळी नेमका उपाय कोणाजवळ नव्हता. डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशी बसून नोंदी करू लागले. कोणाला उलट्या होतात, कोणाला दरदरून घाम सुटतो, कोणाचे हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी किती, रक्तदाब किती, हे सगळे ते लिहून ठेवत. या खुणा दिसल्या की पुढे हृदयाला धोका आहे असे ओळखावे, हा त्यांचा निष्कर्ष 1982 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे 1986 साली त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग मांडला. ही गोळी रक्तदाबाची, विंचवासाठी कोणी बनवलेली नव्हे. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस दगावत. ही गोळी मिळू लागल्यावर ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या भावकीतले एक पोर त्या पंचवीस-तिसांतले. 1970 नंतरची गोष्ट. रात्रभर मांत्रिकाने झाडपाला फिरवला, विष मांडीपर्यंत उतरले, गुडघ्यापर्यंत उतरले असे सांगत राहिला, आणि पहाटे पोराच्या तोंडाला गुलाबी फेस आला. मोठी माणसे म्हणाली, विष डोक्यात चढले. विष डोक्यात चढलेच नव्हते. फुप्फुसात पाणी भरले होते. हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी समजले.

म्हणून रक्तदाबाच्या गोळीने विंचवाचा रुग्ण का वाचतो, हा प्रश्न आमच्या मनात घर करून होता. पुतणीने तो असा उलगडला. विंचवाचे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडीच ठेवते. त्यामुळे तंतू थांबायचे विसरतात आणि अंगात अ‍ॅड्रेनालिन व नॉरअ‍ॅड्रेनालिन यांचा पूर येतो. भीती वाटली की छाती धडधडते, ती याच द्रव्यांमुळे. त्यांच्या पुराने रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हातपाय गार पडतात ते त्यामुळेच. सगळ्या वाटा आवळलेल्या, आणि हृदयाला त्यातूनच रक्त ढकलायचे. ते थकते, रक्त मागे तुंबते, फुप्फुसात पाणी झिरपते. प्राझोसिन हे आवळलेले स्नायू सोडवते.

“पण सोडवते हे कोणाला कसे कळले? माणसाला कापून तर पाहिले नसेल,” आम्ही विचारले. तेव्हा तिने जर्नल उघडले.

जर्नलात एका काचेच्या भांड्याचे चित्र होते. भांडे कपबशीतल्या कपाहूनही लहान, त्याभोवती कोमट पाण्याची टाकी, पाणी माणसाच्या अंगाइतके, म्हणजे 37 अंशांवर राखलेले. आतल्या भांड्यात मिठांचे ठरावीक द्रावण आणि त्यातून सतत हवेचे बुडबुडे, मासे पाळण्याच्या टाकीत असतात तसे. या द्रावणात स्नायूचा तुकडा दोऱ्याने बांधून टांगतात. खालचे टोक पक्के, वरचे टोक एका हलक्या काडीला. स्नायू आकसला की काडी हलते आणि ती हालचाल कागदावर उमटते. पूर्वी कागदावर रॉकेलच्या ज्योतीची काजळी धरून तो फिरत्या पिंपाला गुंडाळत, आणि काडीचे टोक काजळीत पांढरी रेघ ओढी. आता ताण मोजणारे विजेचे यंत्र असते आणि रेघ संगणकावर दिसते. रूडोल्फ मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 साली आतड्याचा तुकडा असा टांगला, तेव्हापासून ही पद्धत जगभर चालू आहे.

देहाबाहेर काढलेला स्नायू काही तास जिवंत राहतो, हे ऐकून आमची आई थक्क झाली. आम्हीही झालो, पण आम्ही दाखवले नाही.

तो जिवंत राहतो त्यामागे द्रावण आहे, आणि द्रावणाचीही एक कथा आहे, ती महाडच्या माणसाने तरी ऐकलीच पाहिजे. सिडनी रिंगर नावाचे लंडनचे एक डॉक्टर 1882 च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून त्याचे ठोके मोजत होते. ठोके छान चालले. मग लक्षात आले की मदतनिसाने द्रावण ऊर्ध्वपातित शुद्ध पाण्यात न करता साध्या नळाच्या पाण्यात केले आहे. रिंगर यांनी ते शुद्ध पाण्यात करून पाहिले, तर हृदय थोड्याच वेळात थांबले. नळाच्या पाण्यातल्या चुन्याने, म्हणजे कॅल्शियमने, ते चालत होते. स्नायूला आकसायला कॅल्शियम लागते, हे जगाला तिथे कळले. आता आमच्या महाडात काय झाले? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यांच्यामागून हजारोंनी घेतले. त्यावर तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे 108 घडे त्यात ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. पाण्यात काय असते आणि काय नसते हे मोजून पाहण्याची रीत जगात तेव्हा पंचेचाळीस वर्षे जुनी होती. महाडच्या त्या धर्ममार्तंडांनी पाणी मोजले नाही, माणूस मोजला. कज्जा कोर्टात गेला आणि 1937 साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. असो. आडवाटेला गेलो, पण महाड म्हटले की ही आडवाट टळत नाही.

तर पुतणीचा प्रयोग. तिच्या वर्गात शेळीच्या श्वासनलिकेवर काम झाले. खाटकाकडून आणलेली श्वासनलिका थंड द्रावणात ठेवून कॉलेजात नेली, तिच्या बांगडीसारख्या कड्या कापल्या, पाच-सहा कड्या दोऱ्याने एकमेकींना बांधून साखळी केली आणि ती भांड्यात टांगली. पाऊण तास नुसते थांबायचे, साखळी स्थिर होईपर्यंत. मग हिस्टामिन नावाच्या द्रव्याचा एक थेंबभर डोस. साखळी हळूच आवळते. दम्याच्या रुग्णाची छाती अशीच आवळते. रेघ वर चढते, थांबते. मग द्रावण काढून टाकायचे, दोनदा-तीनदा धुवायचे, रेघ खाली मूळ जागी येईपर्यंत वाट पाहायची, आणि पहिल्याच्या दुप्पट डोस. मग त्याच्या दुप्पट. असे करत गेले की एक वेळ येते, कितीही टाका, स्नायू आणखी आवळत नाही. सगळे आकडे कागदावर मांडले की इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार रेषा मिळते.

दुपारी अकराला बसलेली मुले संध्याकाळी पाचला उठतात आणि हाती येते ती ही एक रेषा. धुताना घाई केली तर पुढचा आकडा खोटा. दोरा सैल तर आकडा खोटा. पाणी दोन अंशांनी गार तर आकडा खोटा. आमच्या मते आपल्या मुलांना असल्या शिस्तीचे शिक्षण पुस्तकी पाठांतराहून अधिक उपयोगाचे आहे. पण हे बोलले की पुतणी हसते. म्हणते, तुम्हाला सहा तास उभे राहावे लागत नाही.

आता प्राझोसिनकडे येऊ. रक्तवाहिनीची पट्टीही अशीच टांगता येते. अमेरिकेतले रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या, गोल-तिरक्या पट्ट्या कापून त्यांवर आयुष्यभर काम केले आणि त्यातून निघालेल्या शोधासाठी 1998 साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अ‍ॅड्रेनालिन टाकले की ती पट्टी आवळते. पण तेच अ‍ॅड्रेनालिन श्वासनलिकेच्या साखळीवर टाकले तर ती सैल पडते! एकच द्रव्य, एका स्नायूला आवळते, दुसऱ्याला सोडते. हे कोडे रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 साली सोडवले. निरनिराळ्या अवयवांवर निरनिराळी द्रव्ये मोजून त्यांनी सांगितले की दोष द्रव्यात नाही, ते ज्या जागी बसते त्या जागा दोन प्रकारच्या आहेत. एकीला त्यांनी अल्फा म्हटले, दुसरीला बीटा. हा लेख एका नियतकालिकाने परत पाठवला होता. पुढे सगळे औषधशास्त्र त्याच्यावर उभे राहिले.

जागा म्हणजे काय, हे आमच्या आईला कळेना. तेव्हा पुतणीने एस.टी.चे उदाहरण दिले. महाडच्या स्टँडवर गाडी लागली की माणसे काय करतात? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. अ‍ॅड्रेनालिन हा प्रवासी. तो अल्फा जागेवर बसला की स्नायू आवळतो. प्राझोसिन हा रुमाल. जागा धरतो, पण त्याने गाडी हलत नाही. जागेवर रुमाल आहे म्हणून प्रवासी उभा राहतो आणि स्नायू सैल राहतो. “अन् गर्दी लई झाली तर?” आईने विचारले. पुतणी म्हणाली, “आजी, परीक्षेत हाच प्रश्न येतो.” गर्दी फार झाली तर रुमाल फेकून माणसे बसतातच. भांड्यात अ‍ॅड्रेनालिन पुष्कळ वाढवले की प्राझोसिन असूनही पट्टी पूर्वीइतकीच आवळते. कागदावर ती एस-रेषा तशीच्या तशी उजवीकडे सरकते. किती सरकली ते मोजले की औषधाची ताकद आकड्यात सांगता येते. गंभीर दंशात रुग्णाला लवकर आणावे असे डॉक्टर का सांगतात, आणि हातपाय गरम होईपर्यंत गोळी ठरावीक तासांनी पुन्हा का देतात, ते आम्हाला या रुमालावरून समजले.

इथवर सगळे गोड चालले होते. मग आईने विचारले, “तो ससा?”

घरात कोणी बोलेना. आई रोज पंचशील म्हणते. त्यातले पहिलेच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. पुतणीने लपवले नाही. शेळी खाटकाने मांसासाठी कापलेली होती, पण ससे, गिनीपिग, उंदीर यांना या कामासाठीच मारले गेले, हजारोंनी, असे तिने सांगितले. आई म्हणाली, “म्हंजे सशानं जीव दिला म्हन की, आपल्या पोरांसाठी.” पुतणी म्हणाली, “दिला नाही आजी. आपण घेतला.”

आम्हाला हे उत्तर फार आवडले. बलिदान, त्याग असे शब्द लावून घेतलेल्या जिवाचे देणे चुकवता येत नाही. यज्ञात पशू मारणारेही तो स्वर्गात जातो असेच म्हणत, आणि तथागतांनी ते मानले नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नव्हे, गरज कोणती आणि इच्छा कोणती हे माणसाने स्वतः पारखायचे आहे, असा त्याचा आशय आम्ही घेतो. मग प्रयोगशाळेत ही पारख कशी करायची? ब्रिटनमधील रसेल आणि बर्च या दोघांनी 1959 साली त्याची रीत सांगितली. प्राण्याविना भागत असेल तर प्राणी घेऊच नये, घ्यावाच लागला तर कमीत कमी घ्यावेत, आणि त्यांना वेदना होऊ देऊ नये. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 सालचा आहे. काचेच्या भांड्याची पद्धत या हिशेबात जरा बरी, कारण एका प्राण्याच्या अनेक पट्ट्या निघतात, एक पट्टी धुऊन अनेकदा वापरता येते आणि जे काही टाकायचे ते सचेतन जिवाच्या अंगात टोचावे लागत नाही. आता पदवीच्या वर्गांत पुष्कळसे प्रयोग संगणकावरच्या नमुन्यांवर होतात, ते योग्यच आहे. नुसत्या सरावासाठी जीव घेणे ही गरज नव्हे. पण नवे औषध माणसाच्या पोराला देण्याआधी ते काय करते हे कुठेतरी पाहावेच लागते, आणि तिथे आमचे मन अजून दोन्ही बाजूंना ओढते. आई म्हणाली, तिचे ती बघेल, तिला शीलही ठाऊक आहे आणि कामही. तिने शिकणे सोडावे असे मात्र कोणी म्हणाले नाही.

याच भांड्यात आपला विंचूही जाऊन बसला आहे, हे ऐकून आम्हाला मौज वाटली. 1990 साली या लाल विंचवाच्या विषातून शास्त्रज्ञांनी आयबेरिओटॉक्सिन नावाचे एक द्रव्य वेगळे काढले. स्नायू सैल पडताना त्यातली पोटॅशियमची काही मोठी दारे उघडतात. हे द्रव्य नेमकी तीच दारे बंद करते. म्हणून एखादे औषध स्नायूला कोणत्या वाटेने सैल करते हे शोधायचे असले की जगभरच्या प्रयोगशाळांत भांड्यात याची मात्रा टाकतात. टाकल्यावर औषधाचा गुण गेला, तर वाट तीच होती. ज्याला आपण चपलेने ठेचतो त्याचे विष तोळ्यामाशाने नव्हे, त्याहून किती तरी बारीक मापाने विकत घेतले जाते.

गोळी विष मारत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. ती फक्त आवळलेले सोडवते. रक्तात फिरणारे विष निकामी करायला लस लागते, ती मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार झाली. दोन्ही मिळून दिल्याने फायदा किती, हे बावस्कर पती-पत्नींनी महाडलाच मोजले आणि 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले. सत्तर रुग्ण, पस्तीस-पस्तीसचे दोन गट. नुसत्या प्राझोसिनवर पूर्ण बरे व्हायला सरासरी सुमारे पावणेअठरा तास लागले, गोळी आणि लस दोन्ही मिळाल्यावर आठ. दहा तासांच्या आत पहिल्या गटातले आठ जण बरे झाले होते, दुसऱ्या गटातले बत्तीस. पुतणीने हे आकडे वाचून दाखवले तेव्हा आम्हाला तिच्या जर्नलातल्या रेषा आठवल्या. भांड्यात आणि खाटेपाशी, रीत तीच. एक डोस, मग थांबणे, मग लिहिणे.

प्राझोसिन घरात आणून ठेवावे आणि विंचू चावला की आपणच द्यावे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. या गोळीने रक्तदाब एकाएकी उतरतो, रुग्ण उठून उभा राहिला तर भोवळ येऊन पडतो. मात्रा वजन पाहून डॉक्टर ठरवतात, लहान मुलांत तर फारच जपून. विंचू चावला की जखम कापू नये, चोखू नये, वर आवळून दोरी बांधू नये. चावल्या जागी नुसत्याच जबर कळा असतील तर बहुधा धोका कमी असतो, पण कळा थोड्या आणि घाम, उलट्या, गार हातपाय असतील तर एक मिनिट दवडू नये. लहान मूल असेल तर खुणा दिसायची वाटही पाहू नये. घाटातल्या वाडीवरून रात्री वाहन मिळणे कठीण, म्हणून कोणाची गाडी, कोणाची रिक्षा हे आधीच ठरवून ठेवावे. आणि किती वाजता चावला ती वेळ कागदावर लिहून न्यावी. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.